रंगमंच पुसून टाकणारी नाटकाची चित्रं

इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्ड राजाची ही शेवटची रात्र. उजाडताच बॉसवर्थची लढाई आहे, आणि त्यानं ज्यांचा ज्यांचा काटा काढला त्यांची भुतं स्वप्नात येऊन गेली आहेत. राजा दचकून उठलाय. एक हात पुढे, बोटं फाकलेली, डोळे विस्फारलेले. चित्रकार विल्यम होगार्थनं नाटकातला हा प्रसंग आधी रंगवला, मग १७४६ साली चार्ल्स ग्रिनियनच्या साथीनं तांब्याच्या पत्र्यावर कोरला. राजाच्या वेशात आहे डेव्हिड गॅरिक, १७४१मध्ये याच भूमिकेनं लंडन जिंकलेला नट. मूळ तैलचित्र दोनशे पौंडांना एका श्रीमंताच्या घरी गेलं. गॅरिक घरोघरी पोचला तो छापील प्रतींमधून.

या चित्रात नाट्यगृह शोधू गेलं तर सापडत नाही. मेणबत्त्या नाहीत, विंगा नाहीत, प्रेक्षक तर नाहीतच. प्रत्यक्षात त्या काळी बडे प्रेक्षक थेट रंगमंचावर बसत. गॅरिकनं लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात ती प्रथा मोडली ती १७६२मध्ये. रंगमंचावरचे हे प्रेक्षक होगार्थला पुरेपूर ठाऊक होते. ‘बेगर्स ऑपेरा’ या नाटकाचा प्रवेश रंगवताना त्यानं दोन्ही बाजूंना बसलेली उमराव मंडळी मुद्दाम दाखवली होती. (त्या चित्राची छापील आवृत्ती पुढे १७९०च्या सुमारास कोरली ती कवी विल्यम ब्लेकनं.) रिचर्डच्या चित्रात मात्र त्यानं सगळं नाट्यगृह पुसलं आणि नट तेवढा ठेवला.

म्हणून ही मुद्राचित्रं नेपथ्याचा पुरावा म्हणून वाचू नयेत. नटाच्या शरीराबद्दल मात्र ती विश्वासू आहेत, असं माझं ठाम मत आहे. बेंजामिन विल्सनच्या चित्रावरून जेम्स मॅकआर्डेलनं १७५४ साली छापलेला गॅरिकचा हॅम्लेट पाहा. ही मेझोटिंट पद्धत. तांब्याचा पत्रा दातेरी हत्यारानं आधी सगळीकडे खरबरीत करायचा. तसाच शाई लावून छापला तर कागद निव्वळ काळा उमटेल. मग जिथे उजेड हवा तिथे तो खरवडून, घोटून गुळगुळीत करायचा. अंधारातून चेहरा वर काढणारं हे तंत्र भुताच्या प्रवेशासाठीच जन्मल्यासारखं वाटतं. खरबरीतपणा छापता छापता झिजतो, त्यामुळे पहिल्या प्रतींचा काळा रंग नंतरच्या प्रतींना येत नाही.

वडिलांचं भूत पाहून या चित्रातला हॅम्लेट हात पसरून, बोटं फाकवून मागे रेलला आहे. वीस वर्षांनी लिश्टेनबर्ग हा जर्मन लेखक लंडनला आला, त्यानं गॅरिकचा हॅम्लेट पाहिला आणि तो क्षण बारकाव्यानिशी लिहून ठेवला. हात पसरलेले, बोटं सुटी, तोंड उघडं. मुद्रा तीच! ती इतकी वर्षं टिकली यात छापील चित्राचाही हात असणार असं मला वाटतं. चित्र पाहून आलेला प्रेक्षक नेमक्या त्या क्षणाची वाट पाहत बसला असेल. गॅरिकला या कागदांची किंमत पुरती कळली होती. १७६४मध्ये तो पॅरिसला असताना लोक त्याच्याकडे त्याची चित्रं मागत, आणि तो घरी पत्र लिहून प्रती मागवून घेई.