आठ अंश, सलग तीन दिवस

डिसेंबर लागला की धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातल्या तापमान नोंदीला बातमीचे मोल येते. पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, कधी त्याहून खाली जातो. नंदुरबारकडच्या सातपुड्यात, डाब आणि तोरणमाळच्या पठारांवर गवतावरचे दव गोठते. खानदेशात बर्फ म्हणावा असा एवढाच, आणि तो पाहायला हौशी मंडळी गाड्या काढून जातात. रावेर, यावल, चोपडा, शिरपूर भागातला केळी उत्पादक मात्र त्याच पहाटे वेगळ्याच हिशेबात असतो. थंडीने त्याची आवक लांबते, खर्च मात्र ठरल्या वेळी समोर उभा राहतो.

केळी हे उष्ण प्रदेशातले झाड आहे. पारा १६ अंशांखाली गेला की नवी पाने निघण्याचा वेग मंदावतो, १० अंशांच्या आसपास वाढ जवळजवळ थांबते. जून-जुलैत लावलेली मृगबाग ऐन थंडीत किंवा थंडी ओसरताना निसवणीला, म्हणजे घड बाहेर पडण्याच्या टप्प्याला, येते. तेव्हा गारठा कडक असेल तर घड खोडातून नीट बाहेर पडत नाही, तिथेच अडकतो. सप्टेंबर-ऑक्टोबरातल्या कांदेबागेची रोपे तेव्हा कोवळी असतात, ती आहेत तिथेच थबकतात. निसवलेला घड पक्व व्हायलाही उन्हाळ्यापेक्षा बरेच जास्त दिवस लागतात. सालीतला चीक गोठून फळावर काळपट छटा येते ती वेगळीच. कंटेनरमधून परदेशी जाणारी केळी १३-१४ अंशांवर जपून ठेवतात. बागेतल्या घडाला मात्र त्याहून पाच-सहा अंश कमी तापमानात रात्र काढावी लागते.

साल डागाळली की भाव घसरतो आणि निर्यातीचा माल तर थेट बाजूला काढला जातो. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. २०२१ च्या जूनमध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची २२ टन मानांकित केळी दुबईला रवाना झाली. या बाजारात फळाची चव पाहण्याआधी साल पाहिली जाते.

घड महिनाभर उशिरा कापला गेला, तरी महिनाभराची मजुरी, ठिबकमधून सोडायची खते, विजेचे बिल आणि कर्जाचे व्याज चुकत नाही. जगभरात हवामानावर चालणाऱ्या धंद्यांची हीच अडचण आहे. युरोप-अमेरिकेतल्या बर्फाळ भागांत गोल्फ क्लबची मैदाने हिवाळ्यात बंद पडतात, दर फेरीमागे मिळणारे शुल्क थांबते; पण हिरवळ राखणाऱ्या माळ्यांचे पगार आणि यंत्रांची देखभाल चालूच राहते. म्हणून तिथले क्लब सभासदांकडून वर्षाची वर्गणी घेतात, क्लबचे सभागृह लग्न-मेजवान्यांना देतात, काही ठिकाणी मैदानावरच बर्फावरून घसरण्याचे खेळ सुरू करतात. आपल्याकडे गुलमर्गचे गोल्फ मैदानही हिवाळ्यात बर्फाखाली जाते आणि गाव स्कीइंगवर कमावते.

केळीवाल्याला वर्गणी देणारे सभासद नाहीत. तो जोखीम वाटतो ती लागवडीत: थोडी मृगबाग, थोडी कांदेबाग आणि जोडीला आधीच्या खोडाच्या पिलावर घेतलेली पीलबाग. म्हणजे सगळे घड एकाच थंडीच्या तावडीत सापडत नाहीत. उरलेला बचाव बागेतच होतो. विहिरीचे पाणी हवेपेक्षा उबदार असते, म्हणून ते रात्री किंवा पहाटे देतात. बांधावर ओला-सुका पाला पेटवून धूर करतात, वारा अडवायला कडेने शेवरी किंवा गजराज गवत लावतात, घडांवर पिशव्या चढवतात. जळगावचे केळी संशोधन केंद्रही असेच उपाय सुचवत आले आहे. यातला प्रत्येक उपाय खर्चाचा आहे, आणि रात्रीच्या पाण्यासाठी रात्री वीजही असावी लागते.

वर्गणीच्या सर्वांत जवळ जाणारी सोय म्हणजे हवामान आधारित फळपीक विमा. यात थंडीचे नुकसान पाहायला बागेत कोणी येत नाही, तापमापक काय सांगतो त्यावर भरपाई ठरते. केळीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात सलग ३ दिवस किमान तापमान ८ अंश किंवा त्याखाली राहिले तर हेक्टरी २६,५०० रुपये, असा निकष अनेक वर्षे ओळखीचा राहिला आहे. २०२० मध्ये निकष बदलले तेव्हा जळगाव जिल्ह्यात मोठी ओरड झाली आणि पुढच्या वर्षी जुने निकष परत आणावे लागले.

केळीवाला बाग एकरात नव्हे तर झाडांत मोजतो, तेव्हा ही रक्कम त्याच्या भाषेत मांडलेली बरी. पाच बाय पाच फुटांवर हेक्टरी साधारण ४,३०० झाडे बसतात. म्हणजे भरपाई झाडामागे सहा रुपयांच्या आसपास. ऊतिसंवर्धित रोपाची किंमतच याहून जास्त असते. खते, मजुरी आणि पाणी त्यावर. एवढ्या पैशांत बाग सावरत नाही, पण खताचा एखादा हप्ता किंवा व्याजाचा काही भाग निघतो.

खरा वाद तापमापकाच्या जागेवरून होतो. महावेध प्रकल्पात राज्यभर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे महसूल मंडळांत बसवली गेली. एका मंडळात अनेक गावे येतात. नदीकाठच्या सखल शिवारात थंड हवा साचते, तिथला पारा उंचवट्यावरच्या केंद्रापेक्षा सहज खाली असू शकतो. दोन रात्री ७ अंश आणि तिसऱ्या रात्री साडेआठ, अशी नोंद झाली तर साखळी तुटते आणि भरपाई शून्य. शेजारच्या मंडळात मात्र पैसे जमा होतात, आणि बांधावरच्या गप्पांना विषय मिळतो.

विम्यात भाग घेण्याची मुदत बहुतेक वर्षी ३१ ऑक्टोबरला संपत आली आहे, आणि कमी तापमानाचा काळ १ नोव्हेंबरपासून मोजला जातो. थंडी किती पडणार याचा अंदाज यायच्या आत, दिवाळीच्या खर्चाच्या दिवसांत, हप्ता भरायचा की नाही हे शेतकऱ्याला ठरवावे लागते.