संकेतस्थळावरील पाहुणा आणि व्यवसायाचे उद्दिष्ट

भिलाई म्हटले की पोलाद आठवते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या कारखान्याच्या आसऱ्याने दुर्ग-भिलाई परिसरात फॅब्रिकेशन, ओतकाम आणि यंत्रकाम करणारे असंख्य लहानमोठे उद्योग उभे राहिले.

मोठ्या वृक्षाच्या सावलीत वाढणाऱ्या रोपाप्रमाणे या उद्योगांना एक चिंता कायम असते. ग्राहक एकच असला आणि त्याची मागणी एखादी तिमाही मंदावली, तर लेथ थांबतात. कामगारांचे पगार आणि कर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत. दुसरा, तिसरा, चौथा ग्राहक जोडणे हाच त्यावरील उपाय. त्यासाठी आज बहुतेक उद्योजक प्रथम संकेतस्थळ तयार करून घेतात. काही महिन्यांनी ‘भेट देणाऱ्यांची संख्या’ हजारांत गेलेली दिसते, पण हाती ऑर्डर एकही नसते. असे का होते, आणि ते टाळण्यासाठी काय करावे, याचा विचार या लेखात करू.

पोलादाच्या बाजारातील एक उदाहरण

फेब्रुवारी २००१ मध्ये सेल आणि टाटा स्टील यांनी निम्म्या-निम्म्या भागीदारीत ‘मेटलजंक्शन डॉट कॉम’ ही कंपनी स्थापन केली. पुढे ती ‘एमजंक्शन’ या नावाने ओळखली जाऊ लागली. पोलादाची विक्री इंटरनेटवरील लिलावाने करणे हे तिचे मूळ काम. भिलाईसह सेलच्या कारखान्यांतील माल अशा इ-लिलावांतून विकला जाऊ लागला आणि दूरच्या गावातील लहान व्यापारीही आपल्या पेढीवर बसून बोली लावू शकला.

त्या काळी अनेक गावांत इंटरनेटची जोडणी मंद होती आणि संगणकाची सवयही फारशी नव्हती. तरीही व्यापारी अशा संकेतस्थळाशी जोडले गेले, कारण त्यांच्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तेथे मिळत होते. माल कोणता, किती टन, कोठे पडला आहे, लिलाव केव्हा सुरू होऊन केव्हा संपणार, अनामत किती आणि माल उचलण्याची मुदत किती, हे सारे आधीच ठाऊक असे. संकेतस्थळावर पाहुणा रमतो तो चित्रांच्या लखलखाटामुळे नव्हे. आपले काम येथे होईल आणि पुढचे पाऊल कोणते ते स्पष्ट आहे, हा विश्वास त्याला थांबवतो.

धूर नव्हे, टन मोजावेत

भिलाई कारखान्याचा आराखडा झाला, तेव्हा वार्षिक १० लाख टन पोलादाचे उद्दिष्ट ठरले होते. पुढील टप्प्यांत ते २५ लाख आणि नंतर ४० लाख टनांवर नेण्यात आले. धुराड्यातून धूर किती निघाला यावर कोणी कारखान्याचे यश मोजत नाही. संकेतस्थळावरील भेटींचा आकडा हा बहुधा असाच धूर असतो. तो भट्टी पेटल्याची खूण आहे. पोलाद किती निघाले, हे त्यावरून कळत नाही.

म्हणून उद्दिष्ट आधी ठरवावे आणि संकेतस्थळ नंतर. पीटर ड्रकर यांनी १९५४ मधील आपल्या व्यवस्थापनविषयक ग्रंथात उद्दिष्टांनुसार व्यवस्थापनाचा विचार मांडला. जॉर्ज डोरन यांनी १९८१ मध्ये एका लेखात चांगल्या उद्दिष्टाच्या कसोट्या सुटसुटीतपणे सांगितल्या. त्यांचा मथितार्थ असा, की उद्दिष्ट नेमके असावे, मोजता यावे, ते कोणाची जबाबदारी आहे हे ठरलेले असावे, हाताशी असलेल्या साधनांत ते गाठता यावे आणि त्याला मुदत असावी. ‘व्यवसाय वाढवायचा आहे’ ही इच्छा झाली. ‘३१ मार्चपर्यंत भिलाईबाहेरील सहा नवे ग्राहक मिळवायचे’ हे उद्दिष्ट होय.

एकदा उद्दिष्ट ठरले की उलटा हिशेब मांडता येतो. उदाहरणादाखल एक फॅब्रिकेशनचा कारखाना घेऊ. वर्षाला सहा नवे ग्राहक हवे आहेत आणि चार दरपत्रकांमागे एक ऑर्डर मिळते असे धरले, तर २४ दरपत्रके पाठवावी लागतील. दोन चौकश्यांपैकी एकच दरपत्रक देण्याजोगी असेल, तर वर्षाला ४८, म्हणजे महिन्याला चार चौकश्या हव्यात. संकेतस्थळ पाहणाऱ्या शंभर योग्य व्यक्तींपैकी दोघे चौकशी करतात असे मानल्यास महिन्याला दोनशे योग्य पाहुणे पुरेत. दहा हजारांची गरजच नाही! ही प्रमाणे प्रत्येकाची निराळी असतील. ती आपल्याच मागील वर्षाच्या नोंदींवरून काढावीत. पण या हिशेबाने मन शांत होते आणि खर्च कोठे करावा हेही उमगते.

पाहुणा का निघून जातो?

पहिले कारण उशीर. संगणकाच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये तीन मर्यादा सांगितल्या, त्या आजही लागू आहेत. प्रतिसाद ०.१ सेकंदात आला तर तो तात्काळ वाटतो, एका सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही आणि दहा सेकंदांनंतर लक्ष दुसरीकडे वळते. पृष्ठाचा मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, अशी गुगलची आजची अपेक्षा आहे. यंत्रांची मोठाली छायाचित्रे जशीच्या तशी चढवल्याने ही मर्यादा सहज ओलांडली जाते. ती लहान करून घ्यावीत. आपले संकेतस्थळ कार्यालयातील संगणकावर पाहून समाधान मानू नये. ते साध्या मोबाइलवर, बाजारात उभे राहून उघडून पाहावे.

दुसरे कारण अस्पष्टता. ‘गुणवत्ता हाच आमचा ध्यास’ हे वाक्य सर्वत्र आढळते. त्यातून खरेदी अधिकाऱ्याला काहीच कळत नाही. किती लांबीचा आणि किती वजनाचा भाग आपण करू शकतो, यंत्रे कोणती आहेत, पोलादाच्या कोणत्या प्रती हाताळतो, तपासणीचे प्रमाणपत्र देतो का आणि माल पोचवण्यास किती दिवस लागतात, हे त्याला हवे असते. पहिल्याच पडद्यावर आपण काय करतो, कोठे करतो आणि संपर्क कसा साधावा, या तीन गोष्टी दिसाव्यात. केलेल्या कामांची खरी छायाचित्रे मोजमापासह द्यावीत.

तिसरे कारण भाषा. भिलाई हे हावडा-मुंबई लोहमार्गावरील ठिकाण आहे. पश्चिमेला राजनांदगाव ओलांडले की गोंदिया, भंडारा आणि नागपूर येते. विदर्भातील ग्राहकासाठी हिंदी-इंग्रजीबरोबर मराठीतील एखादे पृष्ठ ठेवले, तर आपलेपणाची ती पहिली खूण ठरते. मात्र भाषांतर जुजबी नसावे. चुकीच्या शब्दांनी भरलेले पृष्ठ असण्यापेक्षा ते नसलेले बरे.

चौथे कारण शिळेपणा. तीन वर्षांपूर्वीची दिवाळीची शुभेच्छा मुखपृष्ठावर झळकत असेल, तर कारखाना चालू आहे की बंद, अशी शंका येते. महिन्यातून एकदा एखादे नवे काम किंवा नवी सोय नोंदवली तरी पुरे.

गुंतवावे, पण फसवू नये

पाहुण्याला रोखून धरण्याचे काही गैरमार्गही आहेत. ‘शेवटचे दोनच नग’ अशी खोटी घाई करणे, खरेदीच्या यादीत न मागितलेली वस्तू घुसवणे, सदस्यत्व रद्द करण्याची वाट लपवणे हे त्यांतले प्रकार. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा तेरा क्लृप्त्यांवर बंदी घातली आहे. चौकशीच्या अर्जातही नाव, दूरध्वनी आणि कामाचे स्वरूप एवढेच विचारावे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियमही अधिसूचित झाले. जी माहिती लागत नाही ती न मागणे यात कायद्याचे पालन आहे आणि सौजन्यही.

मोजमाप आणि वही

भेटींचे मोजमाप करण्यासाठी गुगल अ‍ॅनॅलिटिक्ससारखी विनामूल्य साधने आहेत. तेथील सध्याच्या पद्धतीत भेट दहा सेकंदांहून अधिक टिकली, दोन किंवा अधिक पृष्ठे पाहिली गेली अथवा आपण महत्त्वाची ठरवलेली कृती घडली, तर ती ‘गुंतलेली’ भेट मानतात. उरलेल्या भेटींचे शेकडा प्रमाण म्हणजे ‘बाउन्स रेट’.

हा आकडा उपयुक्त आहे, पण तो आंधळाही आहे. समजा, नागपूरच्या एका खरेदी अधिकाऱ्याने कार्यालयातील संगणकावर आपले पृष्ठ उघडले, आठ सेकंदांत दूरध्वनी क्रमांक पाहिला, पृष्ठ बंद केले आणि टेबलावरील फोनवरून तो क्रमांक फिरवला. यंत्राच्या लेखी ही भेट वाया गेली. आपल्या लेखी ती वर्षातील सर्वोत्तम भेट असू शकते. म्हणून फोनपाशी एक साधी वही ठेवावी. प्रत्येक चौकशी करणाऱ्याला ‘आमच्याविषयी कोठून कळले?’ असे विचारून तारीख, काम, दरपत्रक आणि निकाल लिहून ठेवावा. महिनाअखेरीस वही आणि यंत्राचे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. पाहुणे आहेत पण चौकशी नाही, तर दोष पृष्ठाचा. चौकशी आहे पण ऑर्डर नाही, तर दर, मुदत किंवा उत्तर देण्यातील दिरंगाई तपासावी. चौकशीला त्याच दिवशी उत्तर देणे, हा पाहुण्याला टिकवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

एक जुना धडा

वाचकांचे मन जिंकणे आणि व्यवहार टिकवणे यांतील अंतर या प्रदेशाने फार पूर्वी पाहिले आहे. मराठी मातृभाषा असलेल्या माधवराव सप्रे यांनी जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. पहिल्या हिंदी कथांमध्ये गणली जाणारी त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ १९०१ मध्ये याच मासिकात प्रसिद्ध झाली. तरीही आर्थिक अडचणींमुळे १९०२ च्या अखेरीस मासिक बंद करावे लागले. त्याचे नाव आजही आदराने घेतले जाते, पण कागद आणि छपाईचा खर्च आदराने भागत नाही. आपल्या संकेतस्थळाचेही तेच आहे. कौतुक हवेच, मात्र त्याची वाट व्यवहारापर्यंत गेली पाहिजे.

बँकेच्या दृष्टीने

त्या व्यवहारासाठी फर्मच्या नावाने चालू खाते, त्याला जोडलेला यूपीआयचा क्यूआर संकेत आणि संकेतस्थळावर नोंदलेला जीएसटी क्रमांक यांमुळे अनोळखी ग्राहकाचा विश्वास वाढतो. वर सांगितलेली वहीही बँकेच्या कामाची आहे. आलेल्या चौकश्या, दिलेली दरपत्रके आणि हाती असलेल्या ऑर्डरींची सुसंगत नोंद खेळत्या भांडवलाच्या प्रस्तावाला आधार देते. जाता जाता एक सावधगिरीची सूचना. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार बँकांची संकेतस्थळे ऑक्टोबर २०२५ अखेरपर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर आणण्यात आली आहेत. बँकेचे पृष्ठ उघडताना पत्त्याचा हा शेवट अवश्य तपासावा आणि ओटीपी कोणालाही सांगू नये.

आज सायंकाळी अर्धा तास काढून आपलेच संकेतस्थळ परक्याच्या नजरेने मोबाइलवर पाहावे आणि एका कागदावर येत्या वर्षाचे उद्दिष्ट एका वाक्यात, आकडा आणि तारीख घालून लिहावे. ते वाक्य लिहिता आले, तर संकेतस्थळात काय ठेवावे आणि काय काढावे, हे ठरवणे अवघड जाणार नाही.