शंभर अंशांपर्यंतची मदत

महाड-पोलादपूरच्या घरात रोज जो स्वयंपाक होतो त्याला एकाच प्रकारची उष्णता पुरत नाही. तांदळाच्या भाकरीला दोनशे अंशांच्या आसपास तापलेला तवा लागतो आणि फुगायला शेवटी जाळ. कुळीथ, तूरडाळ यांना कुकर लागतो, कारण कुकरातल्या दाबाखाली पाणी शंभरऐवजी साधारण १२० अंशांना उकळतं आणि कडधान्य लवकर मऊ होतं. फोडणीला तेल कडकडीत तापावं लागतं. उरतात भात, पेज, भाकरीची उकड, मोदक. यांचं उकळत्या पाण्यावर किंवा वाफेवर भागतं. मायक्रोवेव्ह ओव्हन या शेवटच्या गटातला आहे. त्याच्याकडून आधीच्या तीन कामांची अपेक्षा ठेवली जाते, ती पूर्ण होत नाही, आणि मग महागाचं यंत्र ओट्याच्या कोपऱ्यात डबे ठेवायच्या कामी येतं. त्याला चुलीचा पर्याय मानणंच चूक आहे. उशिरा जेवणाऱ्या माणसाचं ताट झटपट गरम करणं हे त्याचं खरं काम, आणि तेवढ्या कामासाठी या दोन तालुक्यांत त्याची गरज आपण समजतो त्याहून मोठी आहे.

त्याची मर्यादा त्याच्या घडणीतच आहे. आतल्या मॅग्नेट्रॉन नावाच्या नळीतून २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरी निघतात. या लहरींचं विद्युतक्षेत्र सेकंदाला अब्जावधी वेळा दिशा बदलतं, अन्नातले पाण्याचे रेणू त्या दिशेनं वळू पाहतात, आणि त्या धडपडीतून उष्णता तयार होते. अन्न आतून बाहेर शिजतं हा समज खरा नाही. लहरी वरच्या एक-दोन सेंटिमीटरपर्यंतच नीट पोचतात, पुढची उष्णता नेहमीसारखी हळूहळू आत सरकते. महत्त्वाचं हे की तापतं ते मुख्यतः पाणी, आणि पाणी असेपर्यंत पदार्थ शंभर अंशांच्या फारसा वर जात नाही. भाजल्याचा खमंगपणा आणि तपकिरी रंग यायला पृष्ठभाग १४० अंशांच्या वर जावा लागतो. म्हणून कालची भाकरी ओव्हनमध्ये ठेवली की आधी मऊ वाटते आणि मिनिटाभरात वातड होते. तिला तवाच हवा. कन्व्हेक्शन किंवा ग्रिल असलेल्या ओव्हनमध्ये भाजणं जमतं, पण ते काम आतली तापणारी कॉइल करते, या लहरी नव्हे. उलट पापडासारखी पातळ, थोडाच ओलावा धरून असलेली वस्तू मिनिटभरात तेलाशिवाय फुलते. पावसाळ्यात सादळलेले शेंगदाणे आणि पोहेही त्यात पुन्हा कुरकुरीत होतात. सावित्रीच्या खोऱ्यात चार महिने हवेत जो ओलावा असतो, तो पाहता ही सोय किरकोळ नाही.

दुसरी मर्यादा प्रमाणाची. ओव्हनची ताकद ठरलेली असते, त्यामुळे पदार्थ दुप्पट झाला की वेळही जवळपास दुप्पट होतो. ८०० वॉटचा ओव्हन पाव लिटर पाणी पावणेदोन मिनिटांत उकळत आणेल, पण चार लिटरला पंचवीस मिनिटांहून जास्त घेईल. गॅसची मोठी शेगडी ते त्याच्या निम्म्या वेळात करते. गणपतीत किंवा शिमग्याला मुंबईकर मंडळी गावी उतरतात आणि एकेका घरात वीस-पंचवीस पानं वाढली जातात, तेव्हा ओव्हनचा उपयोग जवळजवळ शून्य. एका ताटासाठी मात्र हिशेब उलटा होतो. असा ओव्हन भिंतीतून बाराशे वॉटच्या आसपास वीज ओढतो. दोन मिनिटं चालवला तर एका युनिटचा पंचविसावा भाग खर्च होतो, आणि पातेलं, झाकण, पळी यांतलं काहीही घासायला पडत नाही.

हे एकेकटं ताट या भागात आलं कुठून, ते पाहायला हवं. बिरवाडीच्या बाजूला महाडची औद्योगिक वसाहत आहे आणि रासायनिक कारखाने रात्री बंद होत नाहीत. घरातला एक माणूस दुपारच्या पाळीवरून रात्री उशिरा येतो, दुसरा पहाटे निघतो, मुलं क्लासहून आठला येतात. म्हणजे एकच आमटी रात्रीतून तीनदा गरम होते, आणि बहुतेक घरांत त्या तिन्ही वेळी उठते ती बाईच. ओव्हन आला की घरातली माणसं पंगत सोडून वेगवेगळी जेवायला लागतात, असा आक्षेप मी समजू शकतो. त्यामागची हळहळ खरी आहे. पण पंगत मोडली ती पाळ्यांनी. ओव्हन एवढंच करतो की उशिरा आलेल्या पुरुषाला स्वतःचं ताट गरम करून न घ्यायला कसलंच कारण उरत नाही. पोलादपूरच्या वाड्यांवर जिथे तरुण मुंबई-पुण्याला गेलेत आणि घरात एकटी आजी किंवा आजोबा उरलेत, तिथे जाळाशी गाठ न पडता पेज गरम होणं ही सुरक्षिततेचीही गोष्ट आहे. फक्त मध्ये एकदा ढवळायचं, कारण उष्णता सगळीकडे सारखी पोचत नाही.

किरणांची भीती अजून ऐकू येते. या लहरी क्ष-किरणांसारख्या रेणू तोडणाऱ्या नाहीत, त्या फक्त तापवतात, आणि बटण बंद होताच संपतात. त्यांची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर असल्यानं दाराच्या जाळीच्या बारीक भोकांतून त्या निसटत नाहीत. दार वाकलं किंवा कुलूप नीट लागेनासं झालं तर मात्र ओव्हन वापरू नये. जीवनसत्त्वांबद्दलची काळजीही उलटी आहे. ‘क’ जीवनसत्त्व भरपूर पाण्यात आणि जास्त वेळ उकळण्यानं जातं, आणि ओव्हनमध्ये भाजीला पाणीही कमी लागतं, वेळही. शिळ्याचा आक्षेप मात्र मला वजनदार वाटतो. दमट हवेत दिवसभर बाहेर राहिलेल्या भातात जे जिवाणू वाढतात, त्यांतल्या काहींचं विष पुन्हा गरम केल्यानं नष्ट होत नाही. भात शिजल्यावर लवकर थंड करून फ्रिजमध्ये गेला असेल तरच दुसऱ्या वेळी गरम करावा. ओव्हन चांगल्या अन्नाला गरम करतो, बिघडलेल्याला दुरुस्त करत नाही.

आपल्या स्वयंपाकघराशी त्याचं पटत नाही ते भांड्यांवरून. घरात सगळं स्टील आणि अॅल्युमिनियम, आणि धातू या लहरी परतवून लावतो. झाकणाच्या स्टीलच्या डब्यात लहर शिरतच नाही, कडांवर ठिणग्या उडतात ते वेगळंच. मग सोपा उपाय म्हणून हायवेवरच्या हॉटेलातून आलेले प्लास्टिकचे पातळ डबे वापरले जातात, आणि गरम तेलकट रश्श्यात त्यातली रसायनं उतरू शकतात. ओव्हन घेताना झाकणासह तीन-चार काचेची किंवा चिनी मातीची भांडी त्याच खर्चात धरावीत. नाहीतर खरेदी पुढे ढकललेली बरी.

आणि वीज. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगडच्या कित्येक गावांत दिवसेंदिवस अंधार होता. घाटाच्या बाजूला पावसाळ्यात वीज जाणं नवं नाही, आणि व्होल्टेज उतरलं तरी ओव्हनची ताकद घटते. त्यामुळे गॅस काढून ओव्हनवर विसंबणं इथे शहाणपणाचं नाही. महाडच्या सखल भागात आणखी एक गोष्ट पाळावी. २२ जुलै २०२१ ला पुराचं पाणी घराघरांत शिरलं तेव्हा ओट्यावरची उपकरणंही बुडाली. जूनच्या आधी ओव्हन भिंतीत पक्क्या बसवलेल्या उंच फळीवर न्यावा, मागे आणि वर हवेला जागा सोडून. एकदा तो पाण्यात बुडाला असेल तर उन्हात वाळवून पुन्हा प्लग लावू नये आणि घरच्या घरी उघडूही नये. आतला कपॅसिटर हजारो व्होल्टचा भार साठवतो, आणि वायर काढून ठेवल्यावरही तो भार काही काळ तसाच राहू शकतो.