एका भेंडीच्या तीन परीक्षा

परभणीच्या कृषी विद्यापीठाने १९८०च्या दशकात भेंडीचं एक वाण बाहेर काढलं, ‘परभणी क्रांती’. भेंडीवर केवडा पडला की पानांच्या शिरा पिवळ्या होतात, मग अख्खं पान पिवळं, मग फळही फिकट. हा विषाणू पांढरी माशी पसरवते. जांभळे आणि नेरकर या शास्त्रज्ञांनी ‘पुसा सावनी’ या लोकप्रिय पण रोगाला चटकन बळी पडणाऱ्या वाणाचा भेंडीच्या दूरच्या नात्यातल्या एका प्रजातीशी संकर केला. पुढच्या पिढ्या पुन्हा पुन्हा पुसा सावनीशी जुळवत नेल्या आणि केवड्याला दाद न देणारी भेंडी हाती आली. पुढे विषाणूनेही डाव बदलला, आणि बऱ्याच ठिकाणी तो प्रतिकार उणा पडू लागला.

आता ही भेंडी तीन परीक्षांना बसवून बघू. प्रश्न माझे आहेत, ढंग त्या त्या परीक्षेचा.

राज्य मंडळाच्या दहावीत ती आली तर विचारतील: ‘शास्त्रीय कारणे लिहा: रोगप्रतिकारक वाण तयार करण्यासाठी संकर उपयुक्त ठरतो.’ उत्तर पुस्तकात आहे. मुलाने ते समजून घ्यायचं, लक्षात ठेवायचं आणि नेटक्या मुद्द्यांत मांडायचं.

केंब्रिजच्या आयजीसीएसईत, म्हणजे त्यांच्या दहावीच्या स्तरावरच्या परीक्षेत, एक तक्ता येईल: पाच वाफे, प्रत्येकातल्या पांढऱ्या माश्यांची संख्या, पिवळ्या पडलेल्या रोपांची टक्केवारी. आधी आलेख काढा. मग चौथ्या वाफ्यात माश्या भरपूर असूनही रोग कमी का, याचं एक कारण सुचवा. या ‘सुचवा’वर जरा थांबा. केंब्रिजच्या प्रश्नपत्रिकेत सांगा, वर्णन करा, स्पष्ट करा, सुचवा या प्रत्येक आज्ञेचा अर्थ ठरलेला असतो आणि तो अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत छापलेला असतो. ‘सुचवा’ म्हटलं की उत्तर पुस्तकात मिळणार नाही, एकाहून अधिक उत्तरं बरोबर असू शकतात. तिथल्या विज्ञान विषयांत माहिती आणि समज यांना ५० टक्के भार, दिलेली माहिती हाताळून प्रश्न सोडवण्याला ३० आणि प्रयोगकौशल्याला २०. अर्धे गुण अशा गोष्टींना, ज्यांची घोकंपट्टी करताच येत नाही!

आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमात, म्हणजे अकरावी-बारावीला, भेंडीवर कदाचित प्रश्न येणारच नाही. प्रश्न मुलानेच काढायचा. जीवशास्त्राच्या अंतिम गुणांपैकी २० टक्के त्याने स्वतः आखलेल्या शोधाला असतात. पिवळ्या चिकट सापळ्याची उंची बदलली तर अडकणाऱ्या माश्यांची संख्या बदलते का? मोज, मांड, चुका कुठे असतील ते सांग, ३,००० शब्दांत लिही. शिवाय एका विषयावर ४,००० शब्दांचा दीर्घ निबंध आणि ‘आपल्याला जे माहीत आहे ते माहीत आहे असं आपण कशावरून म्हणतो’ या विषयाचा एक वेगळा अभ्यास. सतरा वर्षांच्या मुलापुढे हा प्रश्न ठेवण्याची हिंमत मला थक्क करते. आपल्याकडे तो प्रश्न साठीनंतर कीर्तनात भेटतो.

आयबीचा जन्म मात्र तत्त्वज्ञानातून नव्हे, अडचणीतून झाला. १९२४ साली जिनिव्हात राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी एक शाळा निघाली. वर्गात देशोदेशीची मुलं, आणि प्रत्येकाला शेवटी आपापल्या देशाची परीक्षा द्यायची. शिक्षकांची काय तारांबळ उडत असेल! सर्व देशांची विद्यापीठं मानतील अशी एकच परीक्षा काढावी, या खटपटीतून १९६८ साली आयबीची संस्था उभी राहिली. भारतात तिचं पाऊल पहिल्यांदा १९७६ साली कोडाईकनालच्या शाळेत पडलं.

केंब्रिजची कथा आणखी जुनी. त्यांची पहिली शालेय परीक्षा डिसेंबर १८५८ची. परीक्षक विद्यापीठाचा झगा घालून, प्रश्नपत्रिकांची कुलूपबंद पेटी घेऊन रेल्वेने गावोगाव गेले. पाच-सहा वर्षांतच ती परीक्षा समुद्र ओलांडून त्रिनिदादला पोचली. पुढे सीनियर केंब्रिज म्हणून ती हिंदुस्थानातल्या साहेबी शाळांत रुजली, आणि तिची जागा घेण्यासाठी १९५८ साली जी भारतीय परिषद स्थापन झाली, तिचीच आयसीएसई परीक्षा आज आपण ओळखतो. आयसीएसई आणि आयजीसीएसई ही नावं कानाला जुळी वाटतात. नात्याने त्या चुलत बहिणी आहेत.

पेटी आता गेली, पण तिच्या मागची काळजी वाढली. एकच पेपर जगभर द्यायचा तर सूर्य आड येतो. सकाळी पेपर देऊन बाहेर पडलेला पूर्वेकडचा मुलगा पश्चिमेकडच्या मित्राला तो फोनवर सांगू शकतो. म्हणून जगाचे पट्टे पाडून वेगवेगळ्या पट्ट्यांना वेगवेगळे पेपर देतात. केंब्रिजने तर प्रत्येक पट्ट्याला एक घटका नेमून दिली आहे: त्या क्षणी प्रत्येक परीक्षार्थी एकतर पेपर लिहीत असला पाहिजे, नाहीतर शिक्षकांच्या नजरेखाली. एवढं करूनही २०२४च्या मे महिन्यात आयबीच्या गणिताच्या पेपरमधला मजकूर परीक्षा संपण्याआधीच इंटरनेटवर पसरला. कॉपीला पासपोर्ट लागत नाही.

तपासणीची रीत मला त्याहून विलक्षण वाटते. आयबीच्या उत्तरपत्रिका स्कॅन होऊन जगभरच्या परीक्षकांच्या पडद्यावर जातात, आणि त्या गठ्ठ्यात अधूनमधून अशा उत्तरपत्रिका पेरलेल्या असतात ज्यांचे गुण वरिष्ठांनी आधीच ठरवून ठेवले आहेत. परीक्षकाला पेरलेली कोणती आणि खरी कोणती ते कळत नाही. त्याचे गुण ठरलेल्या गुणांपासून फार ढळले तर त्याची तपासणी थांबवली जाते. पोराची परीक्षा चालू असताना मास्तरचीही परीक्षा!

पण भारावून जाण्याआधी आकारही लक्षात घ्यावा. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीला दरवर्षी पंधरा लाखांच्या आसपास मुलं बसतात. आयबीच्या मे महिन्यातल्या अकरावी-बारावीच्या स्तरावरच्या परीक्षेला अख्ख्या जगातून मिळून जवळपास दोन लाख. दीर्घ निबंध वाचायला माणसं लागतात, आणि त्या माणसांचा पगार शेवटी पालकांच्या फीमधून येतो. राज्य मंडळाचा पेपर सरळसोट का, याचं निम्मं उत्तर या आकड्यात आहे.

परभणीला परका अभ्यासक्रम नवा नाही. १९४८च्या सप्टेंबरपर्यंत जिल्हा निजामाच्या राज्यात होता. घरात मराठी बोलणारी मुलं माध्यमिक शाळेत उर्दूतून शिकत आणि त्याच वाटेने पुढे हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे जात. १९१८चं हे विद्यापीठ म्हणजेही नवलच: उच्च शिक्षण इंग्रजीऐवजी देशी भाषेतून द्यायचं ठरवून पाश्चात्त्य शास्त्रांचे ग्रंथ उर्दूत आणण्यासाठी तिथे भाषांतराचं स्वतंत्र खातंच उघडलं होतं. १९३८ साली वंदे मातरम् म्हटल्यावरून तिथून काढलेल्या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतलं. त्या काळचं ते ‘बोर्ड बदलणं’, फक्त त्याची किंमत फार मोठी होती. पुढे भाषावार प्रांतरचना झाली, १९६० साली महाराष्ट्र झाला आणि १ जानेवारी १९६६ला आजचं राज्य मंडळ आलं. घर न बदलता एकाच वाड्यातल्या तीन पिढ्या तीन वेगळ्या व्यवस्थांच्या परीक्षा देऊन बसल्या आहेत.

मग आजच्या परभणीतल्या, सेलूतल्या, गंगाखेडातल्या पालकाने काय करायचं? मुलगी सहावीत, सेमी इंग्रजीत, हुशार. गावाबाहेर नवी इमारत, पिवळी बस, पाटीवर ‘इंटरनॅशनल स्कूल’. पहिली गोष्ट: पाटीवरच्या शब्दाचा परीक्षेशी काही संबंध असेलच असं नाही. अशा नावाच्या बऱ्याचशा शाळा सीबीएसईच्या किंवा राज्य मंडळाच्या असतात. त्यात वाईट काही नाही, पण फी कशाची भरतोय ते कळलं पाहिजे. आयबी आणि केंब्रिज दोन्ही संस्थांच्या संकेतस्थळांवर मान्यताप्राप्त शाळांची यादी आहे, सीबीएसईचा संलग्नता क्रमांकही तपासता येतो. ऑफिसातल्या बाईंना एवढंच विचारा: दहावीचा पेपर कोण काढतं आणि गुणपत्रिकेवर सही कोणाची?

सरकारनेही एकदा हा घाट घातला होता. २०१८च्या सुमारास महाराष्ट्राने स्वतःचं आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ काढलं, आणि त्यात जिल्हा परिषदेच्या मराठी शाळा घेतल्या. शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीचं नाव तेव्हा गाजलं. मराठीतून आंतरराष्ट्रीय! मला ती कल्पना आजही आवडते. पुढच्या सरकारने ते मंडळ गुंडाळलं. एखादा अभ्यासक्रम रुजायला पहिलीतलं मूल दहावीत पोचेपर्यंतचा वेळ लागतो, आणि आपली सरकारं पाच वर्षांची. नंतर मुंबई महापालिकेने वेगळी वाट धरली: माटुंग्याच्या आपल्या एका शाळेत केंब्रिजचा अभ्यासक्रम आणि विलेपार्ल्याच्या शाळेत आयबी.

मराठीचं काय होईल ही काळजी रास्त आहे. २०२०च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत, मग मंडळ कोणतंही असो, मराठी सक्तीची झाली. पण सक्तीच्या तासापेक्षा आयबीतली एक सोय मला जास्त मोहवते. शाळेत आपल्या भाषेचा शिक्षक नसला तरी विद्यार्थी मातृभाषेतलं साहित्य स्वतः वाचून डिप्लोमाचा विषय म्हणून घेऊ शकतो. भाषा नेहमीच्या यादीत नसेल तर शाळेला आधीच खास अर्ज करावा लागतो. म्हणजे परभणी जिल्ह्यातल्या सातोन्याला जन्मलेल्या बी. रघुनाथांसारख्या लेखकावर एखाद्या मुलीने जगातल्या कुठल्याही आयबी शाळेत बसून लिहिण्याची वाट निदान बंद तरी नाही.

आता खरी मेख. परभणीतल्या दहा पालकांशी बोला, निम्म्यांच्या तोंडी नीट असते आणि निम्म्यांच्या तोंडी तिच्या शिकवण्यांचं लातूर. नीट म्हणजे वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा: १८० प्रश्न, ७२० गुण, चारातला एक गोल काळा करायचा, आणि तयारीचा पाया एनसीईआरटीची पुस्तकं. तिथे ४,००० शब्दांच्या निबंधाला कोणी विचारत नाही. आयबीत तर आणखी एक गाठ आहे. तिथले सहा विषय वेगवेगळ्या गटांतून घ्यावे लागतात, त्यामुळे भौतिक, रसायन आणि जीव हे तिन्ही एकत्र सहजासहजी बसत नाहीत. भारतात डॉक्टर व्हायचं म्हणून खास परवानगीने वेगळ्या रचनेचा डिप्लोमा घ्यावा लागतो, आणि ती परवानगी विषय निवडतानाच काढायची असते. ही गोष्ट बारावीच्या उंबरठ्यावर कळणं परवडणारं नाही. शिवाय वैद्यकीय प्रवेशात राज्याच्या कोट्यातली जागा हवी असेल तर दहावी-बारावी महाराष्ट्रातूनच हवी. परदेशी मंडळाच्या परीक्षेला भारतीय विद्यापीठ महासंघाची समकक्षताही लागते, ती कोणत्या अटींवर मिळते ते विषय ठरवण्याआधी वाचून घ्यावं.

माझं मत विचाराल तर, डॉक्टरकी ठरलीच असेल तर दहावीपर्यंत राज्य मंडळ किंवा सीबीएसई पुरे आहे. आयबीवर लाखो खर्चून पुन्हा लातूरची खोली शोधणं हा दुहेरी ताण मुलावर पडतो. मुलाला परदेशी शिकायचं असेल, किंवा ते मूळचंच ‘का’ विचारणारं आणि लिहिणारं असेल, तर आयजीसीएसई आणि आयबी त्याला मानवतील. इथे केंब्रिजने भारतासाठी केलेली एक गोष्ट उपयोगी पडते: फेब्रुवारी-मार्चचं परीक्षासत्र फक्त आपल्या देशासाठी आहे. निकाल मे महिन्यात लागतो आणि अकरावीची घडी चुकत नाही.

पैसे नसतील तरी निम्मी चीज फुकट आहे. केंब्रिजच्या अभ्यासक्रम-पुस्तिका, मागचे बरेच पेपर आणि त्यांच्या गुणदान-पत्रिका मोबाइलवर उतरवता येतात. त्यातली गुणदान-पत्रिका आधी उघडा. कुठल्या शब्दाला गुण, कुठल्या विचाराला गुण, आकडा चुकला पण रीत बरोबर असेल तर किती, सगळं ओळीने मांडलेलं असतं. मानवतच्या जिल्हा परिषद शाळेतला नववीचा मुलगाही त्यातला एखादा ‘सुचवा’चा प्रश्न मराठीत करून रविवारी सोडवू शकतो.

आणि आयबी डिप्लोमाला जाण्यासाठी आधी आयजीसीएसई केलेलीच असावी अशी अट नाही. मुळशी तालुक्यात पौडजवळच्या डोंगरावर १९९७ साली सुरू झालेलं महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. अनेक देशांतली मुलं तिथे दोन वर्षं एकत्र राहतात आणि आयबी करतात. भारतीय मुलांची निवड राष्ट्रीय समितीमार्फत होते, आर्थिक मदत घरची परिस्थिती बघून मिळते. अर्ज करणारा मुलगा राज्य मंडळाचा असला तरी चालतो, परभणीचा असला तरी चालतो. इंग्रजीत बोलता-लिहिता आलं पाहिजे, आणि मुलाखतीत काय विचारतील ते मात्र कुठल्याच गाईडमध्ये मिळणार नाही.