इंजिनातील तेलाचा दाब

भाजीपाला बाजारात नेणाऱ्या जुन्या डिझेल व्हॅनचे इंजिन तापले की मंद गतीत तेलाच्या दाबाचा काटा खाली उतरतो. एवढ्यावरून ते उघडावयास देऊ नये. तापलेले तेल पातळ होते, पंपही सावकाश फिरतो. तेव्हा दाब थोडा उतरणे स्वाभाविकच आहे. दर हजार फेऱ्यांस चौरस इंचाला १० पौंड हा ठोकळ हिशेब होय. गाडीच्या पुस्तिकेतील आकडा मात्र प्रमाण मानावा.

प्रथम गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी पट्टीवर तेल पाहावे. त्यास डिझेलचा वास आल्यास ते बदलावे व डिझेल कोठून मिसळते ते शोधावे. तेल ठीक असल्यास दाबाचा स्विच काढून त्या जागी साधा मापक जोडून पाहावा. पुष्कळदा दोष स्विचचाच निघतो आणि मोठा खर्च वाचतो. मापकावरही दाब कमी भरल्यास चेंबरातील जाळी, दाबाची झडप व पंप तपासावेत. थंड असता दाब चांगला, तापल्यावर घसरतो व गती वाढविताच पुन्हा चढतो, असे असेल तर बहुधा बेअरिंग झिजले आहेत. जाड तेल घालून काटा वर आणणे हा उपाय नव्हे. त्याने झीज केवळ झाकली जाते. इंजिनातून ठोके ऐकू येताच मात्र ते तत्काळ बंद करावे व गाडी ओढून न्यावी, अन्यथा क्रँकही निकामी होतो.