लुईझियाना : १६८२ च्या आधी

लुईझियानाचा इतिहास सहसा १६८२ पासून सांगतात. त्या वर्षी फ्रेंच शोधप्रवासी ला साल मिसिसिपीच्या मुखाशी पोचला आणि चौदाव्या लुईच्या नावाने त्याने हा मुलूख फ्रान्सचा जाहीर केला. ही सुरुवात फारच उशिराची आहे. राज्याच्या ईशान्येला पॉव्हर्टी पॉइंट इथे इ.स.पूर्व १७०० ते ११०० या काळात लोकांनी टोपल्यांनी माती वाहून एकात एक सहा अर्धवर्तुळाकार बांध आणि टेकाडे रचली. सर्वांत मोठे टेकाड आजही सुमारे २२ मीटर उंच आहे. शेतीवाचून एवढे काम कसे होईल, हा आक्षेप रास्त वाटतो. पण तिथल्या अवशेषांत मक्याची शेती दिसत नाही. मासे, हरणे आणि कठीण कवचाची फळे दिसतात. गाळाच्या या सपाट प्रदेशात दगड दुर्मीळ. म्हणून अन्न भाजायला तापवलेल्या दगडांऐवजी मुठीत मावणारे मातीचे गोळे वापरत. काहींवर वळणाऱ्याच्या बोटांच्या खुणा अजून स्पष्ट आहेत. हत्यारांसाठीचा दगड मात्र शेकडो किलोमीटरवरून येई.

युरोपीयांतही ला साल पहिला नव्हता : स्पॅनिश मोहिमेचा म्होरक्या दे सोतो १५४२ मध्ये मिसिसिपीकाठीच वारला. फ्रेंचांनी १७१४ मध्ये नॅकटिश आणि १७१८ मध्ये न्यू ऑर्लिन्स वसवले, तेव्हा कॅडो, चितिमाचा आणि हूमा लोक या भूमीवर नांदत होतेच.