११६ अश्वशक्तीत मावणारी मजा

शोरूममधल्या काही विजेवरच्या सेदान आज चार सेकंदांच्या आत ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठतात. २०२४ साली भारतात आलेल्या बीवायडी सीलच्या सर्वांत ताकदवान आवृत्तीचा आकडा ३.८ सेकंद आहे. तीस वर्षांपूर्वी एवढ्या पिकअपसाठी फेरारीच्या दारात उभं राहावं लागायचं. फेब्रुवारी १९८९ मध्ये माझदाने शिकागोच्या वाहन प्रदर्शनात एमएक्स-५ ही दोन आसनांची, उघड्या टपाची गाडी मांडली. त्याच कामाला तिला नऊएक सेकंद लागत. इंजिन १.६ लिटरचं, अमेरिकेसाठीच्या गाडीत ताकद ११६ अश्वशक्ती. तरीही २०१६ पर्यंत दहा लाख एमएक्स-५ कारखान्यातून बाहेर पडल्या. दोन आसनी, उघड्या टपाच्या स्पोर्ट्स कारमध्ये एवढी खपलेली दुसरी नाही.

भारतात ही गाडी अधिकृतपणे कधी आलीच नाही. तरी गाडी चालवण्यात मजा नेमकी कशामुळे येते हे समजून घ्यायला तिच्याइतका स्वच्छ नमुना मला दुसरा दिसत नाही. माझं मत असं आहे की ही मजा वेगातून येत नाही. प्रत्येक गाडीच्या टायरची पकड कुठेतरी संपते. ती हद्द किती वेगाला येते आणि येण्याआधी चालवणाऱ्याला कळवते की नाही, यावर सगळं अवलंबून आहे.

याला सर्वांत वजनदार साक्ष गॉर्डन मरे यांची. फॉर्म्युला वनच्या गाड्या घडवलेल्या या माणसाने पुढे मॅकलारेन एफ१ बनवली. १९९८ मध्ये त्या गाडीने ताशी ३८६ किलोमीटरचा वेग नोंदवला. त्या वेळच्या जगातल्या सर्वांत वेगवान गाडीच्या या निर्मात्याने एक खंत मात्र उघडपणे बोलून दाखवली: एफ१ला लोटस एलानसारखं स्टिअरिंग देता आलं नाही. एलान म्हणजे कॉलिन चॅपमन यांच्या कंपनीची १९६२ सालची फायबरग्लासच्या अंगाची इंग्लिश गाडी. वजन सातशे किलोंच्याही आत, इंजिन छोटंसं. एमएक्स-५ घडवताना माझदाच्या अभियंत्यांनी अभ्यासाला घेतली होती तीही हीच एलान.

त्या अभ्यासातून प्रमुख अभियंते तोशिहिको हिराई आणि त्यांच्या चमूने काय उचललं, हे गाडीखाली वाकून पाहिलं की कळतं. पहिली गोष्ट वजन. गाडी साडेनऊशे किलोंच्या आसपास ठेवली, त्यासाठी बॉनेट ॲल्युमिनियमचं केलं. वजन कमी असण्याचा फायदा फक्त पिकअपपुरता नसतो. टायरवरचा भार दुप्पट झाला म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. त्यामुळे जड गाडीला रुंद टायर लागतात, ताठ स्प्रिंगा लागतात, मोठे ब्रेक लागतात. यातली प्रत्येक गोष्ट रस्ता आणि चालवणारा यांच्यामध्ये आणखी एक थर घालते.

दुसरी गोष्ट, वजन कुठे आहे. कावडीच्या दोन टोकांना घागरी टांगून गर्रकन वळून पाहावं, मग त्याच घागरी छातीशी धरून वळावं. ओझं तेवढंच, पण पहिल्या वेळी अंग वळायला वेळ लागतो आणि वळल्यावर थांबायलाही. एमएक्स-५चं इंजिन म्हणून पुढच्या चाकांच्या अक्षामागे सरकवलं, बॅटरी उचलून डिकीत नेली. दोन माणसं बसल्यावर पुढच्या आणि मागच्या चाकांवर जवळपास निम्मा-निम्मा भार पडतो. स्टिअरिंग फिरवल्याबरोबर गाडीचं नाक वळतं आणि चालवणारा ज्या जागी बसलाय तिच्याभोवतीच गाडी फिरतेय असं वाटतं.

तिसरी गोष्ट मला सर्वांत लोभस वाटते. गिअरबॉक्स आणि मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डिफरन्शियल यांना ॲल्युमिनियमच्या एका लांब सांगाड्याने एकत्र जखडलंय. तसं नसतं तर ॲक्सिलरेटर दाबल्यावर डिफरन्शियल आधी आपल्या रबरी बुशांवर थोडा मुरडला असता, मग चाकं फिरली असती. त्या निमिषभराच्या ढिलाईसाठी एका स्वस्त गाडीत वेगळा भाग बसवायचा! माहितीपत्रकात हा भाग कुणी वाचत नाही. पण रेस दिली की तिथल्या तिथे गाडी पुढे ओढली जाते, आणि पायाला हे कळतं.

आता स्टिअरिंग. इथे थोडं थांबायला हवं, कारण गाडी ‘बोलते’ असं जे म्हणतात त्यामागे साधं भौतिकशास्त्र आहे. टायरचा रस्त्याला टेकणारा भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. वळणावर हा रबराचा तुकडा पिळवटतो. पुढच्या कडेला रबर नुकतंच टेकलेलं असतं, मागच्या कडेपर्यंत ते जास्तीत जास्त ताणलं जातं. म्हणून गाडीला वळवणारं आडवं बल टेकलेल्या भागाच्या मध्यावर न लागता त्याच्या किंचित मागे लागतं. परिणामी चाक सतत सरळ व्हायला बघतं, आणि तो ओढा स्टिअरिंगमधून हाताला जाणवतो. वळण जितकं जोरात, तितकं स्टिअरिंग जड. पण पकड संपत आली की टेकलेल्या भागाची मागची कड आधी घसरू लागते, बलाची जागा पुढे सरकते आणि ओढा कमी होतो. जड झालेलं स्टिअरिंग हलकं पडायला लागतं, आणि तेही पकड पूर्ण सुटण्याच्या आधी. चांगल्या स्टिअरिंगमध्ये हा बदल बोटांना कळतो. पाय आपोआप सैल होतो, गाडी पुन्हा ओळीत येते. ज्याने हे एकदा अनुभवलं, त्याला पुढे पिकअपच्या आकड्यांचं फारसं अप्रूप राहत नाही.

हायड्रॉलिक स्टिअरिंगमधून हा निरोप बऱ्यापैकी शाबूत पोचायचा. मात्र त्याचा पंप इंजिनवर सतत चालतो आणि इंधन खातो. विजेची मोटर मदतीची गरज असेल तेव्हाच काम करते, शिवाय गाडी आपोआप पार्क करायची किंवा लेनमध्ये ठेवायची तर मोटरच हवी. म्हणून २०११च्या नव्या पिढीत पोर्शे ९११सुद्धा विजेच्या स्टिअरिंगवर गेली आणि तिचे जुने चाहते हळहळले. मोटर आणि तिच्या गिअरचं घर्षण बारीक कंपनं गिळून टाकतं. अभियंत्यांनी यात पुढे पुष्कळ सुधारणा केल्या हे मान्य करायलाच हवं. आजची एमएक्स-५ही विजेच्याच स्टिअरिंगवर चालते.

आपल्याकडे हायड्रॉलिक स्टिअरिंगच्या बोलकेपणाचा उत्तम दाखला पुण्याजवळच्या रांजणगावात तयार झाला होता. २०१५ मध्ये दहा लाखांच्या आत आलेली फियाटची अबार्थ पुंटो: १.४ लिटरचं टर्बो इंजिन, १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि हायड्रॉलिक स्टिअरिंग. तिच्यात उणिवा होत्याच. पुढचीच चाकं वळवणार आणि ओढणारही तीच, त्यात टर्बोला जाग यायला क्षणभर लागायचा. पण रस्ता कसा आहे, ओला की कोरडा, डांबर गुळगुळीत की उखडलेलं, हे ती हाताला सांगायची. नवे प्रदूषण नियम २०२० मध्ये लागू होण्याआधीच फियाटच्या नावाच्या गाड्या इथे बंद झाल्या. त्याच कारखान्यात आता जीप बनतात. एवढी चांगली गाडी इतकी कमी विकली गेली, याचं मला आजही वाईट वाटतं.

पकडीची हद्द मुद्दाम खाली आणण्याचं धाडस टोयोटाने २०१२च्या जीटी८६मध्ये दाखवलं. तेत्सुया ताडा हे तिचे मुख्य अभियंते. सुबारूच्या बैठ्या इंजिनाची २०० अश्वशक्ती, मागच्या चाकांना ताकद, टर्बो नाही. आणि टायर? प्रियस या काटकसरी हायब्रिड गाडीला मिळायचे त्याच जातीचे. बाकी कंपन्या चिकट, रुंद टायर लावून वळणावरचा वेग वाढवत असताना यांनी तो कमी केला, म्हणजे साध्या वेगालाही गाडी चाकांवर नाचू लागेल आणि ॲक्सिलरेटर कमी-जास्त करून तिची दिशा सावरता येईल. ब्रेक दाबला की भार पुढे येतो, रेस दिली की मागे जातो. अशा गाडीत हा भार चालवणारा पायाने खेळवतो. हा खेळ बंदिस्त ट्रॅकवरचाच, हे ठासून सांगायला हवं. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला तशी सोय आहे. एसटी, टेम्पो आणि दुचाकी समोरून येत असताना वरंधा घाटात या खेळाला जागा नाही. घाटात अशी गाडी आनंद देते ती हद्दीच्या पुष्कळ अलीकडेच, कारण तिचं बोलणं ताशी चाळीसलाही ऐकू येतं. सहाशे अश्वशक्तीच्या गाडीला तेवढ्या वेगात सांगण्यासारखं काही नसतं.

गिअरबद्दल एकच उदाहरण पुरे. २०१३ची पोर्शे ९११ जीटी३ फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची आली, कारण ट्रॅकवर तीच वेगवान. २०१६ मध्ये पोर्शेने हाताने गिअर टाकायची ९११ आर काढली, फक्त ९९१ गाड्या. त्या हातोहात गेल्या आणि जुन्या बाजारात त्यांचे भाव मूळ किमतीच्या कितीतरी वर चढले. पुढच्याच वर्षी जीटी३ला मॅन्युअल गिअर परत आला. हळू गाडीसाठी जास्त पैसे मोजणारी ही माणसं चुकत नव्हती. खालचा गिअर टाकताना ब्रेकवरच्या पायाच्या कडेने ॲक्सिलरेटरला अचूक धक्का द्यायचा आणि गाडीला हिसका बसू द्यायचा नाही, हे कसब अंगी यायला महिने जातात आणि जमल्यावर प्रत्येक वेळी सुख देतं.

विजेच्या गाडीत इंजिनाचा आवाज नाही, गिअर नाही, आणि बॅटरीमुळे वजन बऱ्याचदा दोन टनांच्या पुढे. ह्युंदाईने २०२३ मध्ये आणलेल्या आयोनिक ५ एनमध्ये यावर एक उपाय केला. गाडीची कमाल ताकद ६५० अश्वशक्ती. तिच्यात आठ गिअर असल्याचा भास सॉफ्टवेअर निर्माण करतं. स्टिअरिंगमागची पट्टी ओढली की क्षणभर ताकद तुटते, बारीक हिसका बसतो, स्पीकरमधला आवाज बदलतो. वळणाआधी वरच्या गिअरात राहिलात तर बाहेर पडताना ओढ कमी पडते, अगदी पेट्रोलच्या गाडीसारखी. सुरुवातीला मला ही नक्कल वाटली होती. पण चालवणाऱ्याला वळणाआधी आपला वेग कानाने ओळखता येतो आणि निर्णय त्याच्या हातात परत येतो, हे लक्षात घेतलं तर ती प्रामाणिक अभियांत्रिकी आहे. हे गिअर सुरू असताना गाडी थोडी हळू पळते. जिथे वेगच मोजायचा असतो तिथे ते बंद ठेवता येतात, त्यासाठी बटण दिलेलं आहे.